दहा ठोके, मग वळण

मी एक जुना फ्लॅशर आहे. मित्रांनो, एकोणीस वर्षे एक गाडी कोणत्या दिशेला वळणार हे माझ्याशिवाय जगाला कळले नाही. माझ्या इशाऱ्यावर ट्रक थांबले, बसगाड्यांनी वाट दिली, एकदा तर एका मंत्र्यांच्या ताफ्याने ब्रेक लावला. अर्थात वळायचे कोठे हे चालवणारा ठरवायचा, उजेड बल्ब पाडायचे आणि थांबणारे आपापल्या मर्जीने थांबायचे. मी फक्त टिकटिक करायचो.

फ्लॅशर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. लाजू नका. तुमच्या वडिलांनाही ठाऊक नाही, फक्त ते तसे म्हणणार नाहीत. इंडिकेटरची दांडी खाली-वर केली की पिवळा दिवा लुकलुकतो आणि डॅशबोर्डच्या आतून टिकटिक ऐकू येते. तो आवाज घड्याळाचा नसतो, माझा असतो. मी काडेपेटीएवढा, चौकोनी, काळ्या झाकणाचा. खाली तीन पितळी पाय. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्या तोंडाशी एक चिमुकली पट्टी. पट्टी चिकटली की दिवा लागतो, सुटली की विझतो. मिनिटाला पंच्याऐंशी वेळा. आयुष्यभर एवढेच काम. याहून कमी काम करून लोक निवृत्त होतात, पण त्यांना निरोप समारंभ तरी मिळतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. ओळीच्या शेवटी चष्मा लावलेली एक बाई बसायची. तिच्यापुढे दोन बल्ब बसवलेली फळी असे. प्रत्येक फ्लॅशर ती फळीत खोचायची आणि ऐकायची. मग एक बल्ब काढून घ्यायची आणि पुन्हा ऐकायची. आमच्या घराण्याचा गुण असा की, बल्ब किती वीज पितात हे आम्हाला कळते. दोनांपैकी एक बल्ब गेला की वीज निम्मी होते, आणि मग आम्ही दुप्पट वेगाने टिकटिक करतो. चालवणाऱ्याने गाडी थांबवून बघावे, कोठला दिवा गेला ते, एवढाच त्यामागचा हेतू. लोकांना ती घाई वाटते. ती तक्रार असते.

बल्ब काढल्यावरही जो शांत राहील तो फ्लॅशर ती बाई कचऱ्याच्या पिंपात टाकायची. तिने माझा बल्ब काढला आणि मी धडधडू लागलो. "हा छान घाबरतो," ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात ठेवले. माझे इतके निर्मळ कौतुक पुढे फार थोड्यांनी केले.

माझे पहिले मालक भूगोलाचे प्राध्यापक होते. त्यांना दिशा सगळ्या पाठ होत्या, पण वळून झाल्यावर दांडी सरळ करायचे लक्षात राहत नसे. एकदा आम्ही अकरा किलोमीटर डावीकडे वळणार असल्याचे जाहीर करत गेलो आणि शेवटपर्यंत वळलो नाही. मागच्या गाडीवाल्याने आमच्यावर पहिली दोन किलोमीटर विश्वास ठेवला. प्राध्यापकांनी सात वर्षांनी गाडी विकली आणि ती एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता आणि आम्ही. गाडीच्या टपावर लाल अक्षर लावले गेले. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतेच सर म्हणत. वय साठीच्या जवळ, आवाज खर्जातला, डावा पाय कायम जास्तीच्या ब्रेकवर. शिकाऊ माणूस रडला, ओरडला, स्टिअरिंग सोडून कानावर हात ठेवून बसला, तरी सर म्हणत, "हरकत नाही. परत गाडी चालू करा." बारा वर्षांत सहाशे माणसे त्यांनी रस्त्यावर सोडली. त्यांतली बरीचशी अजून रस्त्यावरच आहेत.

सरांची एक पद्धत होती, आणि मित्रांनो, त्या पद्धतीच्या मध्यभागी मी होतो. नवशिका माणूस एक तर दिवा दाखवल्याबरोबर वळतो, नाही तर वळायचेच विसरतो. म्हणून सर सांगत, "आरसा बघायचा. इंडिकेटर द्यायचा. मग याचे दहा ठोके मोजायचे. दहा झाले की मान वळवून बघायचं आणि वळायचं. तुमच्या मनाचं ऐकू नका, मन घाबरट असतं. याचं ऐका. याला भीती नाही, याला पगार नाही, याची घरी कोणी वाट बघत नाही. हा चुकायचा नाही." चौकाच्या अलीकडे टेलिफोनचा एक खांब होता. खांबापाशी इंडिकेटर दिला आणि दहा ठोके मोजले की गाडी बरोबर कोपऱ्यावर यायची. परीक्षेचा रस्ताही याच चौकातून जायचा. सर त्या खांबाला 'आपला खांब' म्हणत.

एकदा पुढचा डावा बल्ब गेला आणि मी तक्रार सुरू केली. सरांनी लगेच गाडी बाजूला घेतली, बल्ब बदलला आणि शिकायला बसलेल्या एका कारकुनाला म्हणाले, "बघितलं? याला म्हणतात इमान. आपण मेल्यावर घरात इतक्या लवकर कोणाच्या लक्षात येतं का?" कारकून नुकतेच लग्न झालेला होता.

तर अशा या सुखाच्या दिवसांत ग्रंथपालबाई आल्या.

बाईंचे वय अठ्ठेचाळीस. त्या फिरत्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. एका निळ्या व्हॅनमध्ये चौदा फळ्या भरून पुस्तके, आणि आठवड्याला बारा थांबे. दगडखाणीची वसाहत, वृद्धाश्रम, दोन शाळा, असे. व्हॅनचा ड्रायव्हर निवृत्त झाला. नवा नेमायचा नाही असे वाचनालयाच्या पाच जणांच्या समितीने ठरवले. त्या पाचांपैकी तिघांनी शाळा सोडल्यानंतर पुस्तक हातात घेतले ते फक्त बिऱ्हाड हलवताना. समितीने बाईंना कळवले, पुढच्या महिनाअखेरपर्यंत आपण परवाना काढल्यास व्हॅन आपण चालवावी, अन्यथा व्हॅन विकण्यात येईल आणि पुस्तके मुख्य इमारतीच्या तळघरात ठेवण्यात येतील. बाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

"तुम्हाला शिकायचंच आहे का, की नुसतं प्रयत्न केला असं सांगायचंय?" पहिल्या दिवशी सरांनी विचारले.

"सातव्या थांब्यावर एक आजोबा आहेत," बाई म्हणाल्या. "एका जाड कादंबरीचा पहिला भाग घेऊन गेलेत. शेवटी नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे. दुसरा भाग व्हॅनमध्ये आहे."

"बरं. क्लच दाबा."

पहिल्या परीक्षेत बाईंची गाडी तीनदा बंद पडली. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावले, आणि लख्ख उन्हात काच पुसत त्या चौक पार करून गेल्या. इन्स्पेक्टरसाहेबांनी कागदावर फुली मारली आणि विचारले, "पाऊस कुठे दिसला तुम्हाला?" तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. महिना रविवारी संपत होता. म्हणजे चौथी परीक्षा नव्हतीच.

पण सरांच्या दहा ठोक्यांनी बाईंमध्ये काहीतरी बदलले. त्या जन्मभर पुस्तके मोजत आल्या होत्या. मोजायचे म्हटले की त्यांना धीर येई. खांब आला की त्या दांडी ओढत आणि मोठ्याने मोजत, "एक, दोन, तीन..." आणि मी त्यांच्याबरोबर. दहा म्हटले की मान वळे, आणि गाडी कोपऱ्यावरून अशी अलगद फिरे की सर ब्रेकवरचा पाय उचलून घडी घालून बसत. सहाशे माणसांत सरांनी असे कोणासाठी केलेले मला आठवत नाही. "बाई," सर म्हणाले, "या वेळी तुम्ही पास. लिहून देतो." त्यांनी लिहून दिले नाही, हे एक बरे झाले.

आणि रविवारी जावईबापू आले.

सरांचे जावई विमा कंपनीत होते आणि सुटीच्या दिवशी दुसऱ्यांच्या वस्तू सुधारत. स्वभावाने अतिशय चांगला माणूस. असे म्हटले की पुढे काय होणार हे मोठ्या माणसांच्या लक्षात येते. ते एक चकचकीत डबी घेऊन आले. आत चार एलईडी बल्ब होते.

"बाबा, हे इंडिकेटरला टाकू या. तुमचे बल्ब एकवीस वॉट खातात. हे तीन वॉट. शिवाय उजेड बघा, दुपारी बारालासुद्धा डोळे दिपतील लोकांचे."

"आहेत ते बल्ब चालू आहेत हो," सर म्हणाले.

"चालू असतानाच बदलायचं असतं, बाबा. सात मिनिटांचं काम आहे. व्हिडिओत दाखवलंय."

घराच्या दारातून सरांच्या पत्नीचा दबका आवाज आला. "अहो, जावयांनी हौसेनं आणलंय. तोंड वाकडं करू नका."

सरांनी तोंड सरळ केले. सात मिनिटांचे काम चार तास चालले. माझे चारही जुने सोबती, मागचे दोन आणि पुढचे दोन, धडधाकट असताना काढले गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले गेले. मित्रांनो, तो बल्ब विझतानासुद्धा क्षणभर रेंगाळायचा. निघतो निघतो म्हणत पाहुणा उंबऱ्यात थांबतो ना, तसा. एलईडीचे तसे नाही. तो असतो, नाही तर नसतो.

जावईबापूंनी दांडी खाली ओढली. दिवे लागले. आणि माझ्या अंगातून जी वीज गेली ती इतकी थोडी होती की मला एकच अर्थ लागला. दोन्ही बल्ब गेले! मी जिवाच्या आकांताने दुप्पट वेगाने ओरडू लागलो. शेडमधल्या त्या बाईला अभिमान वाटला असता.

"हे असं का करतंय?" सरांनी विचारले.

जावईबापूंनी जरा विचार केला. "नवीन गाड्यांमध्ये असंच असतं, बाबा. फास्ट. लोकांचं चटकन लक्ष जातं. कसं वाटतंय?"

सर गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी जावयाच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघितले. "छान आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, या सगळ्या प्रकरणात कोणी एक वाईट शब्द बोलले असते तर बरे झाले असते. पण ती सगळी सभ्य माणसे होती.

सोमवारी बाई आल्या. खांबापाशी त्यांनी दांडी ओढली आणि नेहमीप्रमाणे मोजू लागल्या. माझे दहा ठोके निम्म्या वेळात संपले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मान वळवली, सांगितल्याप्रमाणे स्टिअरिंग फिरवले, आणि गाडी चौकाच्या पुष्कळ अलीकडे, दातांच्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली. सरांनी ब्रेक मारला. पहारेकऱ्याने वही उघडून विचारले, "पेशंट कोण?"

"दहा झाले होते, सर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी नीट मोजले. खरंच दहा झाले होते."

"झाले होते. तुमचं बरोबर आहे."

"मग?"

सरांनी गाडी मागे घ्यायची खूण केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बल्ब त्यांच्या टेबलाच्या खणात होते. ते परत बसवायला व्हिडिओच्या हिशेबाने सात मिनिटे, खरे धरले तर चार तास. पण रविवारी लेक आणि जावई पुन्हा जेवायला येणार होते, आणि जावईबापू आल्याबरोबर आधी गाडीपाशी जात. सर म्हणाले, "आता वीस मोजायचे."

"वीस?"

"दहा जुन्या हिशेबात. नव्या हिशेबात वीस. कोपरा तोच आहे, बाई. तो कुठे जात नाही."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस मी तक्रार करत राहिलो आणि ते दोघे माझी तक्रार वीसपर्यंत मोजत राहिले. एखाद्याच्या बोंबेची लोक सवय करून घेतात आणि मग तिच्यावर घड्याळ लावतात, हे मी त्या आठवड्यात शिकलो. बुधवारी बाई दोनदा दहावरच वळू लागल्या. जिभेला जुने वळण होते. सरांनी मग त्यांच्याकडून कागदावर वीस वीस वेळा 'वीस' लिहून घेतले, शाळेतल्या शिक्षेसारखे. गुरुवारी संध्याकाळी मात्र त्या सलग आठ वेळा कोपऱ्यावर अलगद वळल्या.

"आता झोपेत विचारलं तरी वीसच म्हणेन," बाई हसून म्हणाल्या.

"तेच हवंय," सर म्हणाले.

इकडे सरांच्या पत्नीने लेकीला फोनवर सगळे सांगितले होते. म्हणजे सगळे नव्हे. त्या एवढेच म्हणाल्या की, दिवे फार छान आहेत, पण तो आवाज जरा घाई करतो, यांना तसे आवडत नाही, पण जावयांना कळू देऊ नकोस. लेकीने ते लगेच कळू दिले. जावईबापूंना वाईट वाटले. त्यांनी दुसरा व्हिडिओ पाहिला. शुक्रवारी सकाळी सहाला ते सरांच्या दारात हजर झाले.

"बाबा, आज परीक्षा आहे ना बाईंची? गाडी चकाचक धुऊन आणतो. दहाला थेट मैदानावर आणून लावतो. तुम्ही आरामात या."

"कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला त्यात! घरचंच आहे."

गाडी धुतली गेली, हे खरे आहे. त्यानंतर जावईबापूंनी मागचे आणि पुढचे दिवे पुन्हा उघडले आणि प्रत्येक दिव्याच्या तारेला एक सोनेरी कांडी जोडली. बोटाएवढी, धातूची. तिला रेझिस्टर म्हणतात. ती उजेड देत नाही, आवाज करत नाही, काही हलवत नाही. ती फक्त बल्बच्या वाटची वीज पिते आणि तापते. एवढ्यासाठीच तिची नेमणूक असते. कारण मग फ्लॅशरला वाटते, सगळे ठीक आहे.

आणि मला वाटले. मित्रांनो, मी ते लपवणार नाही. दांडी ओढल्यावर माझ्या अंगातून पूर्वीइतकीच भरभरून वीज वाहिली, आणि मला वाटले, आले! माझे चारही सोबती परत आले! पाच दिवसांची धडधड एका क्षणात थांबली. मी पुन्हा मिनिटाला पंच्याऐंशी ठोके देऊ लागलो, शांत, गोल, समाधानी. आयुष्यात मी इतका आनंदात कधी टिकटिकलो नव्हतो.

परीक्षेच्या मैदानावर जावईबापूंनी किल्ली बाईंच्या हातात दिली. "ताई, गाडीत एक गंमत केलीय. तुम्हाला आपोआप कळेल. ऑल द बेस्ट!"

"गंमत?" बाईंनी विचारले. पण इन्स्पेक्टरसाहेब तोवर आत बसून पट्टा लावत होते, आणि त्यांच्यापुढे गंमत हा शब्द काढण्याची बाईंची हिंमत झाली नाही.

मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना बाईंनी इंडिकेटर दिला. तिथे वळायला मोजावे लागत नाही, रस्ता एकाच बाजूला जातो. बाकावर बसलेल्या सरांनी मागच्या दिव्याची लुकलुक पाहिली. सावकाश. जुनी. दहाची.

सर उठले आणि गाडीमागे धावले. साठीच्या जवळचा माणूस, अंगात इस्त्रीचा सदरा. ओरडून उपयोग नव्हता, काचा बंद होत्या, आणि बाहेरून कोणी सांगितले तर परीक्षा तिथेच रद्द होते. म्हणून सरांनी दोन्ही हात वर केले आणि दहा बोटे ताणून दाखवली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आरसा बघितला. आरशात त्यांना सर दिसले, रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे. बाईंना वाटले, सरांनी आशा सोडली.

हे मला नंतर कळले, कारण पुढचे पंधरा दिवस गाडीत दुसरा विषय नव्हता. त्या वेळी मी फक्त बाईंचा श्वास ऐकत होतो.

खांब आला. बाईंनी दांडी ओढली. "एक," त्या पुटपुटल्या. "दोन." मी नेहमीपेक्षा सावकाश आहे हे त्यांना जाणवले असणार, कारण तीनपाशी त्या जरा अडखळल्या. पण भीतीने वेळ लांबल्यासारखा वाटतो असे त्यांनी कुठे तरी वाचले होते. त्यांनी फार वाचले होते, हीच त्यांची अडचण होती. आणि मनाचे ऐकायचे नाही, माझे ऐकायचे, असे सरांनी त्यांना दोन महिने शिकवले होते. दहाव्या ठोक्याला गाडी बरोबर कोपऱ्यावर आली. सिग्नल हिरवा होता. रस्ता मोकळा होता. बाईंनी ब्रेक दाबला आणि थांबल्या.

"अकरा," बाई म्हणाल्या. "बारा."

मागून हॉर्न वाजला.

"वळायचंय ना तुम्हाला?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारले.

"हो साहेब. पंधरा."

"मग वळा की. हिरवा आहे."

"सोळा. वळते, साहेब. सतरा."

"बाई, काय मोजताय तुम्ही?"

"अठरा."

"काय अठरा?"

"एकोणीस."

विसाव्या ठोक्याला सिग्नल लाल झाला. बाईंनी मान वळवून बघितली आणि वळल्या. अतिशय अलगद.

मैदानावर परतेपर्यंत गाडीत माझ्याशिवाय कोणी बोलले नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी फुली मारली, तीही हळू हातानेच. बाई उतरल्या. सर तिथेच उभे होते, अजून धापा टाकत. बाईंनी त्यांच्याकडे बघितले आणि विचारले, "माझं काय चुकलं, सर?"

"काही नाही," सर म्हणाले. "तुमचं काहीच चुकलं नाही."

तेवढ्यात जावईबापू लगबगीने आले. "बाबा, आवाज आला ना जागेवर? मुद्दाम तुम्हाला सांगितलं नव्हतं!"

सरांनी त्यांच्याकडे बघितले. मी डॅशबोर्डखालून ऐकत होतो. मला वाटले, आता तरी.

"छान झालं," सर म्हणाले.

त्यानंतर माझे फार दिवस उरले नव्हते. त्या सोनेरी कांड्या इतक्या तापल्या की मागच्या दिव्यामागचे प्लॅस्टिक वितळून खाली लोंबले. सरांनी गाडी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने दिवा उघडला, कांडीला बोट लावले आणि बोट तोंडात घातले.

"हे कोणी केलं?"

"घरच्याच माणसानं."

"तरीच. सर, वीज वाचवायला एलईडी लावला. आणि वाचलेली वीज जाळायला ही कांडी लावली. आधीचे बल्ब काय वाईट होते?"

"ते चालू होते," सर म्हणाले.

"फ्लॅशर बदलू या. नवा येतो एलईडीवाला. तो बल्बकडे बघतच नाही. बल्ब असो नसो, आपला एका चालीत वाजत राहतो. कटकट नाही."

त्याने माझे तीन पाय खोबणीतून उपटले. सरांनी मला टाकू दिले नाही, हे सांगायलाच हवे. त्यांनी मला डॅशबोर्डच्या खणात ठेवले, गाडीच्या जुन्या कागदांवर. जवळच एक सुकलेले पेन आणि टायरची हवा मोजायचे एक यंत्र आहे. आम्ही तिघे एकमेकांना काही विचारत नाही.

माझ्या जागी आलेला नवा मुलगा चांगला आहे. त्याचा ठोका मिनिटाला पंच्याऐंशी, एकही कमी नाही. नव्या शिकाऊंना सर पुन्हा दहा मोजायला शिकवतात आणि ते कोपऱ्यावर बरोबर वळतात. गेले सहा आठवडे मागचा डावा एलईडी बंद आहे. नवा मुलगा शांतपणे टिकटिक करतो. मागून येणाऱ्या गाड्या करकचून ब्रेक मारतात, शिव्या देतात, आणि सर म्हणतात, "हल्ली लोकांना धीरच नाही." मी खणात आहे. मला कोणतीही तार जोडलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या आत्मकथेच्या शेवटी काही उपदेश असावा अशी अपेक्षा असते. तर ऐका. तुमच्या घरात कोणी रोज शांत असणारे माणूस एकाएकी घाईघाईने बोलू लागले, तर त्याचे वय काढू नका. त्याचा आवाज मोजून त्यावर आपले वेळापत्रक बसवू नका. आणि ते शांत व्हावे म्हणून त्याला त्या कांडीसारखे खोटे वजन तर मुळीच देऊ नका. एकदा उठून बघा, कोठला दिवा गेलाय. तुम्ही बघाल असे मला वाटत नाही. पण सांगायचे असते.

मागच्या आठवड्यात बाई आल्या होत्या. वाहतुकीच्या नियमांचे सरांचे पुस्तक त्यांच्याकडे राहिले होते, ते परत द्यायला. ग्रंथपाल असूनही त्यांना उशीर झाला होता. सरांनी त्यांना गाडीत बसवले, कारण खोलीत पंखा बंद होता.

"पुढच्या महिन्यात परत बसा परीक्षेला," सर म्हणाले. "मी स्वतः गाडी घेऊन येईन. कोणाच्या हातात देणार नाही."

"कशासाठी, सर? व्हॅन गेली. शुक्रवारी भंगारवाला घेऊन गेला."

"आणि पुस्तकं?"

"तळघरात. तिथे ओल आहे. मी आता तळघराची ग्रंथपाल आहे." त्या थोडे हसल्या. "समितीनं व्हॅनची यादी करायला सांगितली होती. टायर चार, चारही गुळगुळीत. फळ्या चौदा. आरसा एक. भंगारवाल्यानं इंडिकेटरचा स्विच दाबून बघितला. काहीच लागलं नाही. मी तर कायम मागे, पुस्तकं धरून बसायचे, मला काय माहीत. शेवटी जुन्या ड्रायव्हरना फोन केला."

"काय म्हणाले?"

इंडिकेटर सहा वर्षांपासून बंद होते. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढत असे.